कॅमेऱ्याला दिसलं नाही

आण्णा, तुम्ही ज्याला हुतूतू म्हणायचात तो खेळ आता गादीवर खेळतात. मांडवात अंथरावी तशी निळी-लाल गादी, आणि पोरी बूट घालून तिच्यावर नाचतात. माझ्या थोरल्याची पोरगी खेळते, म्हणजे तुमची पणती. दम संपायच्या आधी घड्याळच बोंबलतं. मला त्यातलं निम्मं कळत नाही, पण पोरीच्या मांडीत जोर आहे तो तुमचा, हे मी गावभर सांगत हिंडते.

परवा जुन्नरला सामने होते. जिंकेल त्या संघाच्या पोरी पुण्याला शिबिराला जाणार, म्हणून मी गुडघे धरत एसटीनं गेले. मैदानाच्या दोन्ही अंगांना खांबावर कॅमेरे आणि पंचांच्या मागं सिनेमासारखा पडदा. पंचाला दिसलं नाही की तो पडद्याकडं बघतो. मला बरंच वाटलं. म्हटलं, माणसाचा डोळा सोयऱ्याकडं झुकतो, यंत्राला कोण जावई आणि कोण मेव्हणा. शेवटच्या दोन-तीन चढाया उरलेल्या, गुण बरोबरीत. घाटघरकडची एक काटकुळी पोरगी चढाईला आली, आमचीच्या दंडाला बोट लावून माघारी पळाली आणि लागलं, लागलं म्हणून सांगू लागली. पंचाला काही दिसलं नव्हतं. आमचीनं माझ्याकडं पाहिलं. कबूल करायला तिचा हात निम्मा वर आला होता, आण्णा. मी दोरीपाशीच बसलेली. म्हणाले, "हात खाली घे. कॅमेरा हाय ना बघाया."

तिनं घेतला खाली. पडद्यावर तेच ते पुन्हापुन्हा दाखवलं, पण नेमकी मधी आमच्याच एका पोरीची पाठ. पंच म्हणाला, दिसत नाही तर गुण नाही. पुढच्या चढाईत आमच्यांनी एक गुण काढला आणि जिंकल्या. ती काटकुळी गादीवरच बसून बुटाची नाडी सोडत राहिली, कितीतरी वेळ. तिचा बाप लांब उभा होता. मला कुणीतरी पेढा दिला. मी खाल्ला.

येताना एसटीत झोपेचं सोंग घेतलं, तुमचा राजुरीच्या जत्रेतला हुतूतू आठवू नये म्हणून. पण सोंगानं कुठं काय थांबतं. मी सात-आठ वर्षांची. तुम्ही मातीत पालथे पडलेले, हात लागलेला कुणालाच कळला नाही, आणि तुम्ही आपले आपण उठता, हात वर करता, बाहेर येऊन बसता. गाव हरलं. चुलत्यानं भर जत्रेत तुम्हाला दीडशहाणा म्हटलं. घरी मोरीत मी तुमच्या पाठीवर पाणी ओततेय, आई चुलीपुढं बसलेली. मी म्हणते, "कुणी बघितलं नव्हतं, आण्णा." तुम्ही मान न वळवता म्हणालात, "लागलं मला व्हतं. दुसऱ्यानं कशाला बघाया पायजे?" आणि ओत म्हणालात, पाणी गार होतंय.

कॅमेऱ्याला मी शिव्या देऊन पाहिल्या. पण त्याला जेवढं दिसलं तेवढंच त्यानं दाखवलं, बिचाऱ्यानं. पोरीच्या दंडाला ठाऊक होतं आणि मला. आता सगळ्याच पोरी पडद्याकडं माना करून उभ्या राहतात, जणू आपल्या अंगाला काय लागलं ते अंगाला कळत नाही. पण आमची तशी उभी नव्हती. तिला मी उभी केली.

काल जेवताना ती सहज म्हणाली, "आज्जी, पुण्यात कॅमेरं कुठं कुठं लावल्यात ते मी आधी बघून ठेवणार." तिचा बाप हसला, शाणी झाली म्हणाला. माझ्या जिभेला भिऊन बाजारातला वाणी माप सरळ धरतो, ती जीभ टाळूला चिकटली. मी पोरीच्या भाकरीवर तुपाची धार सोडली.

हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा नाही, मला ठाऊक आहे. ती आतल्या खोलीत बॅग भरतेय, सकाळच्या गाडीनं जाणार. सांगायचं आहे ते तिला. तुम्हाला लिहीत बसलेय, कारण तुम्ही आता मला उलटून काही विचारणार नाही.