राणीच्या खांद्याखालचं टिंब

विश्रांतवाडी, पुणे
६ जानेवारी २०२५

ती. भाईजान यांस,
नसीमबानूचा सलाम व सा. न. वि. वि.

सातवा सापडला! काल रविवारी जुन्या बाजारात, गंजक्या कुलपांच्या ढिगाखाली. विकणाऱ्या कांताबाई मला ओळखतात, त्यामुळे भाव लगेच दुप्पट झाला. मी निघून जायचं नाटक केलं, पण ते त्यांना आता पाठ आहे. पाव आण्याचा तांब्याचा पैसा, साल १८६२, राणी व्हिक्टोरियाचा, आणि राणीच्या खांद्याखाली तेच बारीक टिंब. खात्री व्हावी म्हणून तीनदा भिंगाखाली धरून बघितला.

तुम्हाला फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता. मागे मी 'नाणं' म्हणाले ते तुम्हाला 'खाणं' ऐकू आलं आणि बिचाऱ्या तुमच्या सुनेनं, जिनतनं, माझ्यासाठी पुलाव टाकला. म्हणून पत्र. पत्रात मला ओरडावंही लागत नाही.

कर्वेनगरला आमचं नाणेमंडळ दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भरतं, हे तुम्हाला माहीत आहे. एकोणीस वर्षं मी तिथं सांगते आहे की हे टिंब टाकसाळीतच उमटलेलं आहे, ही पैशाची एक वेगळी, दुर्मिळ जात आहे. आणि एकोणीस वर्षं तात्याराव म्हणताहेत की ते कुणीतरी मागाहून ठोकलेलं आहे. तात्याराव मंडळातले सर्वांत जुने. दुसऱ्याची चूक काढायला त्यांना भिंगही लागत नाही. काल सातवा पैसा पुढं ठेवला तर त्यांनी इतकंच विचारलं, की टाकसाळ मुंबईची आणि चूक तेवढी पुण्यातच कशी सापडते. मी म्हणाले, मी पुण्यातच शोधते म्हणून. सगळे हसले, तेही हसले, पण तो प्रश्न मला आवडला नाही.

मात्र मंडळाची पत्रिका काढणारी सृष्टी माझ्या बाजूची आहे. ती हिंजवडीला आयटीत आहे, मला आजी म्हणते. सात म्हणजे सॉलिड पुरावा झाला असं तिचं म्हणणं. २ मार्चच्या बैठकीत मी निबंध वाचायचा. मंडळानं मान्य केला की तो पत्रिकेत छापायचा आणि मंडळाच्या यादीत या जातीपुढं माझं नाव घालायचं, असं ठरलं आहे. भाईजान, छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांची नावं हजेरीपटावर लिहिली. एकदा माझं नाव कुठंतरी लिहिलं जावं अशी माझी फार इच्छा आहे, आणि ती मी पुरी करणार.

तुम्हाला एक काम सांगते. अब्बांच्या काट्या-तराजूंच्या दुकानात जुन्या पैशांचा एक डबा होता असं अम्मी म्हणायची. तुमच्या लेकानं, अरबाजनं, आता तिथं इलेक्ट्रॉनिक काटे मांडले असले तरी माळ्यावर अब्बांची हत्यारं असतील. जरा बघाल का? आठवा मिळाला तर तात्यारावांना बोलायला जागाच राहणार नाही.

सर्वांना सलाम आणि दुआ. माया आहे तशीच ठेवावी.
आपली,
नसीम


बिबवेवाडी, पुणे
१४ जानेवारी २०२५

चि. नसीम हिस अनेक उत्तम दुआ.

पत्र मिळालं. आपण दोघं एकाच म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकलो, पण तू तिथंच मास्तरीण झालीस आणि मी काटे दुरुस्त करत बसलो, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाला माफी असावी. मागच्या खेपेस माझंच पत्र लाल शाईनं तपासून परत पाठवलंस. ते जिनतनं फ्रिजवर लावलं आहे. दहापैकी चार.

कानाचं यंत्र नवीन घेतलं. त्यात पंख्याचा आवाज छान येतो, माणसांचा येत नाही. अरबाज म्हणतो सवय होईल. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सवय व्हायला जितका वेळ लागतो तितका माझ्याकडं आहे का, हे त्याला विचारलं तर तो चिडला.

तुझ्या सातव्या पैशाबद्दल मुबारक. एक कबूल करू का? एकोणीस वर्षं मी तुला दर खेपेस मुबारक लिहितो आहे, पण तुझं ते टिंब नक्की काय आणि कुठं, हे मला आजतागायत माहीत नाही. आमच्या लेखी पैसा म्हणजे पासंगाचा. काट्याचं एक पारडं हलकं भरलं की त्याच्या बुडाला भार डकवून दोन्ही सारखी करायची, त्यासाठी अब्बा हे जुने पैसे शेरावर आणायचे. राणीकडं कुणी बघितलंय! तू नीट चित्र काढून पाठव, म्हणजे डब्यात काय शोधायचं ते कळेल. माळ्यावर मी स्वतः चढणार आहे, जिनतला कळवू नकोस.

तब्येतीस जप. आठवण काढत जावी.
तुझा,
अल्लाबक्ष


विश्रांतवाडी
२० जानेवारी २०२५

ती. भाईजान यांस,
सलाम व सा. न. वि. वि.

एकोणीस वर्षं न वाचता सही केलीत म्हणायची! शाळेत असतात तर उभं केलं असतं. असो. सोबत चित्र जोडलं आहे. राणीचा डावा खांदा बघा. झग्याची नक्षी जिथं संपते तिथं, काठाच्या जरा आत, मोहरीच्या दाण्याहून लहान, आत दबलेलं गोल टिंब. सातही पैशांवर केसभर इकडंतिकडं नाही. कुणी गंमत म्हणून ठोकलं असतं तर एक खांद्यावर पडलं असतं, एक नाकावर. शिवाय ठोकलं की मागची बाजू चपटी होते, इथं मागची वेल जशीच्या तशी आहे.

आणि माझा हुकमी पत्ता वजनाचा. दीडशे वर्षं हाताळलेला पैसा झिजतो, हलका होतो. माझ्या संग्रहातले बाकीचे सगळे कमी भरतात. हे सातच तेवढे पूर्ण वजनाचे आहेत, टाकसाळीच्या नियमाप्रमाणं शंभर ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅमला अगदी किंचित कमी. याचा अर्थ कुणीतरी हे पहिल्यापासून निवडून, जपून बाजूला ठेवले होते. टाकसाळीखेरीज दुसरं कोण ठेवणार? हे मुद्दे मी निबंधात घातले आहेत. तात्यारावांना उत्तर द्यायला सहा आठवडे आहेत, त्यांनी खुशाल अभ्यास करावा.

माळ्यावर चढू नका. चढलात तर खालून कुणालातरी शिडी धरायला लावा.

उत्तर लवकर पाठवावं, लोभ कमी करू नये.
आपली,
नसीम


बिबवेवाडी
१९ फेब्रुवारी २०२५

चि. नसीम हिस दुआ.

उत्तराला उशीर झाला. खोकला होता. डब्याचं अजून काही नक्की सांगता येत नाही. माळ्यावर फार पसारा आहे.

मला असं वाटतं की निबंधाची एवढी घाई कशाला? मार्चऐवजी दिवाळीनंतर वाचलास तर काय बिघडेल? तोवर अजून एखादा पैसा मिळेल, तुझंही मन शांत होईल. विचार कर.

बाकी ठीक.
अल्लाबक्ष


विश्रांतवाडी
२३ फेब्रुवारी २०२५

ती. भाईजान यांस,
सलाम. वि. वि.

दिवाळी नाही आणि होळी नाही. २ मार्च म्हणजे २ मार्च. निबंध टाइप झाला आहे, सृष्टीनं फोटोही काढले आहेत. माझं मन शांतच आहे. अशांत तुमचं दिसतं.

तुम्ही आजवर मला असं बारा ओळींत उरकलेलं पत्र कधी लिहिलं नाही. त्यात टोमणा नाही, अरबाजची तक्रार नाही, कानाचा विषय नाही. म्हणून मी जिनतला फोन केला. तिनं सांगितलं की खोकलाबिकला काही नव्हता. तुम्ही दोन दिवस माळा उपसलात, एक पत्र्याचा डबा खाली आणलात आणि तेव्हापासून तो कपाटात कुलूप लावून ठेवला आहे. माझं चित्र तुमच्या उशाशी असतं.

मी एकाहत्तर वर्षांची आहे. मला जपून ठेवायची गरज नाही. डब्यात काय आहे ते जसं असेल तसं लिहा, आणि बैठकीच्या आधी मिळेल असं लिहा. राग लोभ नंतर बघू.

नसीम


बिबवेवाडी
२६ फेब्रुवारी २०२५

चि. नसीम हिस अनेक दुआ.

तुझं चित्र बघितलं त्याच दिवशी समजलं होतं. डबा बघून खात्री झाली. तेवढ्यासाठी महिनाभर गप्प बसलो, याची शरम वाटते.

ते टिंब टाकसाळीचं नाही. ते अब्बांचं आहे. आम्ही त्याला टाकी म्हणायचो. शेरावर आणलेल्या पैशांतून अब्बा एकेक तोलून बघायचे. शेकड्यात एखादाच पूर्ण वजनाचा निघायचा. तो निघाला की पत्र्याच्या साच्यात बसवायचे, खाली शिशाची पाटी ठेवायचे म्हणजे मागची बाजू बिघडत नसे, आणि साच्याच्या भोकातून बारीक टोच्या धरून एकच हलका ठोका द्यायचे. टाकी पडली म्हणजे हा पैसा तोलून खरा ठरला, पुन्हा तोलायला नको. नाजूक काट्याला पासंग लावताना तेच वापरायचे. टिंब एकाच जागी पडतं ते साच्यामुळं. वजन पूर्ण भरतं ते याचमुळं. आणि सगळे पुण्यातच मिळतात, कारण जुने काटे भंगारात गेले की पासंगाचे पैसे जुन्या बाजारात येतात. डब्यात तेवीस आहेत. साचाही आहे. शेवटची काही वर्षं ठोका मीच द्यायचो, तेव्हा तुझ्या सातांतले एकदोन माझ्या हातचेही असतील.

तुला हे ठाऊक नसावं हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. घरातली गोष्ट, आम्हां पोरांना चालता-बोलता माहीत होती.

आता माझं ऐक. टाकी माहीत असलेली माणसं सगळी गेली. मी एकटा उरलो आहे आणि मी कुणाला सांगणार नाही. अरबाजलाही नाही. साचा मी वितळवून टाकतो. तू निबंध वाच, तुझं नाव यादीत लागू दे. एकोणीस वर्षं तू उन्हातान्हात फिरलीस. अब्बा असते तर तेही हेच म्हणाले असते.

माफ कर.
तुझा भाई,
अल्लाबक्ष


विश्रांतवाडी
३ मार्च २०२५

ती. भाईजान यांस,
नसीमबानूचा सलाम व सा. न. वि. वि.

साचा वितळवला असेल तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही. नसेल वितळवला तर पुढं वाचा.

तुमचं पत्र शनिवारी दुपारी आलं. संध्याकाळी रमजानचा चाँद दिसला, शेजारीपाजारी मुबारक म्हणायला येऊन गेले आणि मी सगळ्यांना हसून दाखवलं. मग दार लावून रडले. नाव गेलं म्हणून थोडं, आणि रागानं जास्त. तुम्ही लिहिलंत की घरातली गोष्ट पोरांना चालता-बोलता माहीत होती. मी काय त्या घरात नव्हते? आठ वर्षांची असताना तुमचा जेवणाचा डबा द्यायला दुकानाच्या पायरीवर आले, तर अब्बांनी डबा हातातून घेतला आणि तिथूनच परत पाठवलं. मुलींचं इथं काम नाही म्हणाले. तुम्ही आत बसून काही तरी ठोकत होता, मान वर केली नाहीत. मी आत एकदा डोकावले असते तर एकोणीस वर्षं वाया गेली नसती. याची माफी तुम्ही मागितलीच नाहीत. ती मागा, दुसऱ्या कशाची नको.

काल पहिला रोजा होता. मी कर्वेनगरला गेले. आधी सृष्टीला पत्र दाखवलं. तिचे डोळे भरले. मग म्हणाली की आजी, आपण फक्त विषय ड्रॉप करू, कुणाला काही कळणार नाही. तुमचंच ऐकून आल्यासारखी बोलली. मी तिला सांगितलं की मला कळलं आहे तेवढं पुरे.

मी उभी राहिले. निबंध बाजूला ठेवला आणि तुमचं पत्र वाचलं, टाकीचा परिच्छेद सगळा. ऱ्हस्व-दीर्घ मनातल्या मनात सुधारून घेतले. मग सांगितलं की ही जात टाकसाळीची नाही, माझा दावा मी मागं घेते आणि तात्यारावांचं म्हणणं बरोबर होतं.

तात्यारावांनी 'मी म्हणालो होतो' असं म्हटलं नाही, आणि हा माणूस पुण्यात जन्मलेला आहे. त्यांनी सातही पैसे पुन्हा एकेक करून तोलले. बराच वेळ लावला. मग म्हणाले की आपल्याला ठोका तेवढा दिसला होता, त्यामागचा हात दिसला नव्हता, आणि यादीत टाकसाळीच्या चुका शेकड्यानं आहेत, पण कारागिराची खूण एकही नाही. निबंध नवा लिहा, असं त्यांनी मला बजावलं.

मी तो लिहिणार आहे. तुमच्या डब्यातल्या तेवीसांची आणि माझ्या सातांची वजनं घेऊन. साच्याचं चित्र काढून. अब्बांचं पूर्ण नाव घालून, आणि खाली माझं. कुठला ठोका अब्बांचा आणि कुठला तुमचा, हे मला ओळखायचं आहे, आणि त्यासाठी एक ठोका आधी माझ्या हातानं मारून बघितला पाहिजे. वर्णन ऐकून लिहायचे दिवस संपले.

तेव्हा येत्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता मी दुकानावर येते आहे. घरी नाही, दुकानावर. टोच्या, शिशाची पाटी, साचा आणि एक झिजका पैसा काढून ठेवा. अरबाजला सांगा की आत्या गिऱ्हाईक म्हणून येत नाही, शिकायला येते आहे. आणि तुम्ही ठोकत असलात तरी मी पायरीवर आले की मान वर करा.

माया तोलून बघायला लावू नये.
आपली धाकटी बहीण,
नसीम