होडीवर मी न केलेल्या कामाबद्दल

मी, वय एकाहत्तर, निवृत्त डॉक्टर, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी स्वतःला फार चांगले दाखवले होते.

१. राहते घर व ठेवी पत्नीला. तिने माझे घोरणे आणि माझे गप्प बसणे, दोन्ही सोसले.

२. दवाखान्यातले काचेचे कपाट धाकट्या भावाला. वडिलांचे घड्याळ त्याने परस्पर नेले, ते मी विसरलेलो नाही. तरी कपाट न्यावे.

३. माझी होडी, हत्यारांसकट, इंजिन-मिस्त्रीला. कारण लिहिणे भाग आहे.

नऊ वर्षांपूर्वी भर दुपारी, किनाऱ्यापासून दूर, होडीचे इंजिन बंद पडले. मिस्त्री ते खोलून बसला असताना माझे मेहुणे कोसळले. श्वास थांबला होता.

"दादा, बघ ना यांना!" बहीण ओरडली.

मिस्त्री उठून माझ्याजवळ आला. "डॉक्टर, तुम्ही छाती दाबा. इंजिन मी बघतो."

मी त्याच्या कानाशी म्हणालो, "माझं रजिस्ट्रेशन संपलंय, होडीचा विमा नाही. काही झालं तर माझ्या गळ्यात येईल." आणि पाना उचलून इंजिनाकडे वळलो. इंजिनातले मला ओ की ठो कळत नाही. बहिणीला वाटले, दादा किनारा गाठायची धडपड करतोय.

छाती मिस्त्रीने दाबली, हात भरून येईपर्यंत. मेहुणे गेले. दोन बरगड्या मोडलेल्या निघाल्या आणि बहिणीने मिस्त्रीवर खटला भरला. जीव वाचवताना बरगड्या मोडतात, हे मला विद्यार्थी असल्यापासून ठाऊक. जबाबात मात्र मी म्हणालो, "मी इंजिनाशी होतो. मला दिसलं नाही."

दोन वर्षांनी तो सुटला. चांगल्या हेतूने मदतीला धावणाऱ्याला कायदा दोषी धरत नाही, असे निकालात होते. म्हणजे मलाही धरले नसते. तोवर धक्क्यावर त्याला काम मिळेनासे झाले होते. मी कानात बोललेले त्याने कोणालाच सांगितले नाही. का, हे विचारायला मला तोंड नाही.

४. कलम तीन बहिणीसमोर, मिस्त्रीला शेजारी बसवून, मोठ्याने वाचावे.

मी सांगत होतो ते लिहिता लिहिता वकीलबाई थांबल्या. "बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहते ना? आजच सांगा की."

मी खाली पाहून म्हणालो, "पुढचं कलम घ्या."

पुढचे कलम नव्हते.

सही: लिहून ठेवणार
साक्षीदार: १. शेजारचे निवृत्त मास्तर २. वकीलबाईंची टायपिस्ट
स्थळ: वकीलबाईंचे ऑफिस
दिनांक: १४ मार्च, मंगळवार