गिअरबॉक्सवरची लाल वायर

उस्ताद, मोडनिंबच्या डॉक्टरांची ती जुनी विलायती गाडी गेल्या महिन्यात पुन्हा आपल्या दुकानात आली. डॉक्टर आता नाहीत, गाडी त्यांच्या मुलानं आणली. तुम्हाला जाऊनही पंधरा वर्षं झाली. दुकानावर पाटी अजून तुमच्याच नावाची आहे. नवीन गिऱ्हाईक विचारतं, "उस्ताद कुठं हायेत?" मी म्हणते, "बोला, मीच बघते." मग ते एकदा पाटीकडं बघतं, एकदा माझ्याकडं.

यंत्रमागाच्या घरातली तेलुगू मुलगी मी. आयटीआय करून तीन गॅरेजांतून नकार ऐकला आणि मग तुमच्याकडं आले. तुम्ही विचारलंत, "वायर पकडने को डर लगता क्या?" मी ताठ मानेनं नाही म्हणाले. "लगना चाहिए," म्हणालात आणि दुसऱ्या दिवसापासून ये म्हणून सांगितलंत. रागावलात ते एकदाच. एका ट्रकचा हॉर्न वाजत नव्हता. वायरीला टेस्ट लॅम्प लावला, तो पेटला, म्हणून मी ड्रायव्हरला सांगून टाकलं की करंट येतोय, हॉर्नच गेलाय. तुम्ही हॉर्न काढून थेट बॅटरीला लावलात आणि सगळी गल्ली दणाणली. "दिव्याला करंट लागतो केवढा? एवढासा. गंजलेल्या वायरीतनंबी तो पेटतो. ज्याला खरा करंट लागतो ते जोडून बघ, मग तोंड उघड." त्या दुपारी तुम्ही डबा माझ्याकडं पाठ करून खाल्लात.

त्यानंतर चारेक वर्षांनी डॉक्टरांची गाडी आली. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, बारीक काम तुम्ही बोटांनी चाचपून करत होता. गाडीला ओव्हरड्राइव्ह होता, म्हणजे टॉप गिअरच्याही वरचा एक टप्पा. डॅशबोर्डवरचा स्विच दाबला की सोलेनॉइड, म्हणजे करंटवर चालणारा चुंबक, ओढतो, टप्पा लागतो आणि वेग तोच राहून इंजिनाचा आवाज खाली उतरतो. तो लागत नव्हता. "उद्या बघू," म्हणालात. पण उद्या तुम्हाला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं आणि डॉक्टरांना टेंभुर्णीला लग्नाला. मी एकटीच गाडीखाली गेले. गिअरबॉक्सवरच्या छोट्या स्विचपर्यंत करंट येत होता, पुढं जात नव्हता. तो स्विच तिथं कशासाठी असतो हे मला ठाऊक होतं, तुम्हीच शिकवलं होतं. फक्त वरच्या गिअरमध्ये तो करंट सोडतो. रिव्हर्समध्ये ओव्हरड्राइव्ह लागला तर आतलं सगळं मोडतं. तरी मी लाल वायरीचा एक तुकडा घेतला आणि स्विचला वळसा घालून थेट जोडला. उस्ताद आले की नीट करू, असं मनात म्हटलं. गाडी चालली, डॉक्टर खूश झाले. मागं घेताना डॅशबोर्डवरचा स्विच आधी बंद करा, एवढं एक वाक्य त्यांना सांगायचं होतं. ते राहून गेलं.

लग्नाच्या मांडवासमोर गाडी मागं घेताना ओव्हरड्राइव्ह फुटला. तिसऱ्या दिवशी गाडी ओढून आणून डॉक्टर दुकानात उभे होते. "डोळे गेलेत तर धंदा सोडा की! लोकांच्या गाड्या कशाला मोडता?" तुम्ही गाडीखाली गेलात. मला फक्त तुमचे पाय दिसत होते, एक चप्पल सुटलेली. तुमची बोटं त्या जोडावर पोचली तो क्षण मला बाहेरून कळला, कारण पाय हलायचे थांबले. तुम्ही बाहेर आलात, हात पुसलेत. "मेरेसे चूक हुई, साब." मी हातात पाना धरून उभी होते. डॉक्टर गाडी तशीच ओढून घेऊन गेले. तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. महिन्याभरानं किल्ल्या माझ्या हातात दिल्यात आणि घरी बसलात. दुसऱ्या वर्षी गेलात.

डॉक्टरांच्या मुलानं आता दुसरा ओव्हरड्राइव्ह मिळवून बसवून घेतलाय, तो लागत मात्र नव्हता. सोलेनॉइड थेट बॅटरीला लावला तर खाडकन ओढत होता, गाडीच्या वायरीवर नुसता गुणगुणत होता. डॅशबोर्डमागचा एक जोड गंजून हिरवा पडला होता, तो बदलला. मग गिअरबॉक्सकडं गेले. लाल वायर तिथंच होती. ती कापली आणि तो स्विच काढून हातात घेतला. तेव्हा काढूनसुद्धा बघितला नव्हता. आत जुन्या तेलाचा गाळ साचलेला, बस. साफ केला, परत बसवला, चालू झाला. उस्ताद, तो कधी बिघडलाच नव्हता.

पुण्याच्या रस्त्याला गाडी काढली. तो चालवत होता, मी शेजारी. त्यानं स्विच दाबला, इंजिनाचा आवाज खाली उतरला आणि तो लहान पोरासारखा हसला. म्हणाला, "बाबा कायम म्हणायचे, त्या आंधळ्या म्हाताऱ्यानं गाडीची वाट लावली."

"गाडी बाजूला घ्या," मी म्हणाले. त्यानं घेतली. "उस्तादांनी नाही. ती वायर मी जोडली होती. जोडली तेव्हा त्यांना माहीतसुद्धा नव्हतं."

त्यानं परत गिअर टाकला. "जाऊ द्या की ताई. आता कोण विचारतंय?"

खरंच, त्याला काही फरक पडत नव्हता. जिला पडतो ती मागच्या गल्लीत राहते. परवा तुमच्या घरी चाचींकडं गेले, सगळं सांगायचं ठरवूनच. इथवर लिहिलेलं हे पत्र पर्समध्ये होतं. तुमचा विषय निघाला तशा त्या म्हणाल्या, "आँखां तो बाद में गये, बेटी. पहले अपने हाथ पे से भरोसा गया उनका. उस एक गाडी के बाद." आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. मी तो खाल्ला. ताट धुऊन ठेवलं, त्यांच्या बीपीच्या गोळ्या डबीत भरून दिल्या आणि घरी आले.

त्यांना धक्का बसेल म्हणून गप्प राहिले, असं इथं लिहिणार होते. ते खरं नाही. त्या मला पुन्हा घरात घेणार नाहीत, याची भीती वाटली.