कचेरी घरात येईल

तारोडी, ९ जानेवारी २०२५

ती. कमळाकरदादास,
चंद्राचा शि. सा. न. वि. वि.

माझे कान आता फोनला साथ देत न्हाईत, म्हणून लिहितेय. वहिनींचा गुडघा कसा हाय?

तुझ्या भाचीनं, रुचितानं, बंगळूरला जायचं ठरवलंय. इथं माडीवर बसून नेटवर दोन वर्षं चांगली नोकरी करत होती. कंपनी ये म्हणत न्हाय, हीच तिथं ऑफिसात जाऊन बसणार. तू टेलिफोन खात्यात असताना शाळेच्या ओट्यावर सगळ्यांना सांगितलं होतंस, की तार घरापर्यंत येईल, कचेरी घरात येईल, पोरांना गाव सोडावं लागणार न्हाय. लोक हसले. मी ते धरून बसले. कितीजण मिरा रोडला फ्लॅटात गेले, मी ह्यांना हलू दिलं न्हाय. आता तूच तिला समजाव.

माया असू दे.
चंद्रा


बेव्हर्ली पार्क, मिरा रोड, २० जानेवारी

चि. चंद्रास अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे. रुचिता रविवारी आली होती. तुझं म्हणणं तिला सांगितलं. त्या ओट्यावर मी हेही म्हणालो होतो, की गावात एकच कॉम्प्युटर असेल, लोक रेशनसारखी रांग लावतील, आणि बिनतारी फोन श्रीमंतांचं खेळणंच राहील. ते तू सोयीस्कर विसरलीस! कचेरीचं तेवढं बरोबर आलं.

तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, कचेरी आली, पण त्यातली माणसं नाही आली. दिवसभर मीटिंगा करते, पण उठून चहाला जायला कोणी नाही."

एक्स्चेंजमध्ये आम्ही सगळे एका टेबलावर डबे उघडायचो. रिटायर झाल्यावर मला तेच आठवतं. तारेतून काय काय जाईल ते मी सांगितलं होतं, काय जाणार नाही याचा विचार केला नव्हता. मी तिला जा म्हणालो. तू सांगितलंस एक आणि मी केलं उलट. रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा दादा


तारोडी, २४ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न.

मुद्दाम उशिरा लिहितेय. रागावले होते. रुचिता गेली. ह्यांनी सुके बोंबील बांधून दिले, मी तिच्याशी धड बोललेही न्हाय.

तिथून ती मोबाइलवर रोज लिहून पाठवते. मला वाचता येतं, उत्तर शेजारच्या मंदाची सून टाइप करून देते. परवा हिनं बोंबलाची चटणी ऑफिसात नेली. शेजारच्या पोरीनं आधी नाक दाबलं, मग अर्धी तिनंच संपवली. इथं मी ताट माडीवर नेऊन ठेवायचे, ती स्क्रीनकडं बघत जेवायची, मी रिकामं ताट खाली आणायचे. दोन वर्षांत जेवणाबद्दल एक शब्द न्हाय. आता न विचारता सगळं सांगते.

काल नेटवाला कनेक्शन काढायला आला होता. त्याला म्हटलं राहू दे, आता ते मला लागतं.

वहिनींना घेऊन ये. तुझ्याशी भांडायचं राहिलंय.
चंद्रा