स्पीकरला ओठ नसतात

प्रिय साळवी बाई,

उद्या सकाळी सरांनी माझ्या आईला शाळेत बोलावलंय. माझ्यावर कॉपीचा आळ आहे! खरं काय ते सांगू शकेल असं माझ्याशिवाय एकच माणूस होतं, आणि ते दिवाळीच्या सुट्टीत निघून गेलं. म्हणून आज रविवारचं तुम्हालाच लिहायला बसलेय. आई मालाडला साफसफाईच्या ड्युटीवर आहे आणि धाकटी चिंगी बाहेर खेळतेय.

तुमच्या जागी नवे सर आलेत. वाईट नाहीत हो. दहावीची इंग्रजीची तोंडी परीक्षा जवळ आली म्हणून त्यांनी सराव घेतला, आधी उतारा वाचून उत्तरं, मग ऐकून उत्तरं. तुम्ही ऐकण्याचा उतारा स्वतः वाचायचात. सरांनी टेबलावर एक काळा स्पीकर ठेवला, बटण दाबलं आणि मागच्या बाकांकडे फिरायला गेले. वर्गातल्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या, कोणी परदेशी माणूस बोलत होता म्हणे. सगळ्यांची पेनं चालू झाली. मी त्या स्पीकरकडे बघत बसले. त्याला ओठ कुठून येणार, बाई? पेपर कोरा दिला.

वाचनात पैकीच्या पैकी आणि ऐकण्यात भोपळा. शाळा सुटल्यावर सरांनी मला थांबवलं. "इंग्रजी येतं की येत नाही, एक काय ते ठरव. उताऱ्याची उत्तरं कुणाची बघितलीस?" मग त्यांनी फळा पुसायला तोंड फिरवलं आणि पाठमोरेच काहीतरी बोलत राहिले. ते काय होतं, देव जाणे. वळून त्यांनी विचारलं, "समजलं?" मी मान हलवली. मान हलवण्यात मी आता एकदम पटाईत झालेय.

तुम्हाला मात्र मी फसवू शकले नव्हते. आठवतं? गणपतीच्या आधी तुम्ही उतारा वाचत होतात. वाचता वाचता पुस्तक तोंडासमोर आलं आणि माझं पेन थांबलं. तुम्ही पुस्तक खाली घेतलंत, पेन चाललं. मग मुद्दाम पुन्हा वर धरलंत. मला वाटलं, बाई आज चष्मा विसरल्या की काय! तास संपल्यावर तुम्ही मला जिन्यात गाठलंत, दोन्ही खांदे धरून तोंड स्वतःकडे वळवलंत आणि विचारलंत, "कधीपासून गं?" मी किती रडले. तुमच्या पदराला माझं नाक पुसलं, त्याची अजून लाज वाटते.

तुम्ही म्हणालात, उद्याच आईला बोलाव. मी हातापाया पडले, आत्ता नको, दिवाळी होऊ दे. आणि तुम्ही कबूल झालात. का कबूल झालात, बाई? मोठ्या होतात ना तुम्ही? वर्गात आमचं एक ऐकायचा नाहीत, आणि नेमकं हेच कसं ऐकलंत? दिवाळी झाली. शाळा उघडली तर फळ्याशेजारी तुमचा फोटो, त्याला हार. प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापक तुमच्याबद्दल बोलले असतील. मी मागच्या रांगेत होते, मला काही कळलं नाही.

आता तर अजून कमी झालंय. आधी कुकरची शिट्टी गेली. मग शाळेची घंटा, पण सगळे उठले की उठायचं असतं, म्हणून निभतं. आता आईच्या बांगड्यांची किणकिणही गेली. आई मागून हाका मारून थकते, मग समोर येऊन म्हणते, "तुझा ध्यान खंय असता गो?" मी हसते. मला खूप भीती वाटते, बाई. एखाद्या सकाळी उठेन आणि काहीच नसेल.

तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं, पण माझा मामा असाच आहे. सातवीत असताना त्याचे कान गेले, आजोबांनी शाळा सोडवली. आता गावी पडवीत बसलेला असतो, लोक त्याच्या पाठीमागे नकला करतात आणि तो कोणी हसलं की हसतो. चिंगीने एकदा हाकेला ओ दिली नाही, तर आई केवढी भडकली! "एक बहिरो पुरो झालो आमच्या घराक." मी तिथेच भाकरी खात होते. तिचे ओठ मी नीट वाचले.

तरी मी गप्पच राहिले असते. मार्क गेले तर जाऊ देत, असं ठरवलंही होतं. पण परवा सरांनी थांबवलं त्या संध्याकाळचं ऐका.

उशिराच्या बसने मी आणि चिंगी आरे कॉलनीत उतरलो. स्टॉपपासून वस्तीपर्यंत झाडीतला रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. बिबट्या दिसल्याचे मेसेज या महिन्यात सारखे येतायत. आईचा नियम आहे, बोलत चला, एकमेकींना हाका मारत चला. मी सरांवर चिडलेली होते, चिंगीचा हात सोडून भराभर पुढे गेले. बऱ्याच वेळाने वळून बघितलं तर मागे रस्ता रिकामा.

धावत मागे गेले. वळणावर बांबूच्या बेटापाशी ती खिळल्यासारखी उभी होती. चेहरा लालबुंद, तोंड उघडं, "ताई! ताई!" वस्तीतली कुत्री बेटाकडे तोंड करून उभी होती, जबडे हलत होते, पण एकही पाऊल पुढे टाकत नव्हतं. मला सगळं दिसत होतं आणि ऐकू काहीच येत नव्हतं. बांबू हलले. वारा नव्हता. मी तिला उचललं आणि पळत सुटले, मागे वळून बघितलं नाही. आत काय होतं ते मला माहीत नाही. कुत्र्यांना माहीत होतं.

घरी आल्यावर चिंगी म्हणाली, "मी एवढ्या हाका मारल्या, तू मुद्दाम थांबली नाहीस ना?" तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही. आईला तिने काही सांगितलेलं नाही. आणि उद्या संध्याकाळी आम्हाला त्याच रस्त्याने यायचंय.

हे लिहिताना आत्ता सहज मान वर केली, तर चिंगी दारात उभी. केव्हापासून हाक मारतेय कोण जाणे. तिचे डोळे भरलेत, आणि ती माझ्याकडे तशीच बघतेय, जसं जिन्यात तुम्ही बघितलं होतं. बहुतेक तिला कळलं, बाई.

उद्या मी भांडणार नाही, रडणारही नाही. सरांना म्हणेन, पुस्तक तोंडासमोर धरा आणि वाचा. मग खाली घ्या आणि वाचा. आईला शेजारी उभं करेन, माझ्या पेनाकडे बघायला सांगेन. तिने गावी पाठवलं तर पाठवू दे. पण त्या वळणावर माझ्या भरवशावर चिंगीला पुन्हा एकटीला चालू देणार नाही, हा शब्द देते तुम्हाला.

तुमची, अजून पहिल्याच बाकावर बसणारी,
मयूरी