अक्का, पूनमच्या खांद्याचं मी लिहून टाकलं

प्रिय अक्का,

तुला दिलेली शपथ आज दुपारी मी मोडली. हे दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच सांगावं, म्हणून लिहायला बसलोय.

तुझी पूनम मलेशियाला चाललीय, कबड्डी खेळायला! शिरपूरच्या हौशी मुलींचा संघ, पुढच्या आठवड्यात विमान. परवा त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात मी भाषण ठोकलं. "पोरींनो, रेषा ओलांडताना मागे वळून पाहू नका!" टाळ्या थांबेनात. घरी येऊन तिची कागदपत्रं चाळली आणि माझीच वाचा बसली.

भेळेचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय मी टाकत नाही, तुला ठाऊक आहे. तिचा प्रवास विमा शेवटच्या पानापर्यंत वाचला. तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलं, की अंगाला अंग भिडणाऱ्या खेळातली दुखापत यात धरली जाणार नाही. अगं, मुली तिकडे काय हवा खायला चालल्यात? बॅग हरवली तर विमा, विमान चुकलं तर विमा, आणि ज्या पकडीसाठी एवढ्या लांब जायचं त्या पकडीत हाड मोडलं तर हात वर!

संघाच्या सरांना फोन केला. ते म्हणतात, "भाऊ, निघायच्या वेळी असं अशुभ कशाला बोलता?" अशुभ! मग मी असा काही बरसलो, की अर्ध्या तासात ते सगळ्या मुलींसाठी खेळाचा वेगळा विमा घ्यायला कबूल झाले. मला वाटलं, जिंकलो. पण खरी परीक्षा पुढेच होती.

आज त्याच विम्याचा फॉर्म भरायला पूनमला घेऊन जळगावला पारसभाऊंच्या दुकानात गेलो. तेच गं, साड्यांचे. आता विम्याचंही काम करतात. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. पहिलाच प्रश्न: याआधी खांदा, मान किंवा गुडघ्याला दुखापत झाली आहे का? पूनमने माझ्याकडे न बघता लिहिलं, "नाही."

अक्का, ते 'नाही' खोटं होतं.

आठवतं ना? ती अकरावीत होती. सरावात डावा खांदा निखळला, आणि तू तिला दवाखान्यात नेलं नाहीस, शिंदखेड्याजवळच्या हाडवैद्याकडे नेलंस. खांदा बसला. कागद नाही, चिठ्ठी नाही. चार दिवसांनी सणाला आपल्याकडे कानबाई देवी बसली होती. तिच्या प्रसादाच्या रोटाचा घास माझ्या हातावर ठेवून तू शपथ घातलीस, "भाऊ, तुले मनी आन शे. पोरना खांदानं कोनले सांगू नको." निवड हुकेल, उद्या स्थळ आलं तर हात अधू म्हणतील, ही तुझी भीती. शपथांची भर सभेत टर उडवणारा मी! तो घास मुकाट गिळला आणि इतकी वर्षं गप्प राहिलो.

रागावू नकोस, पण एक विचारतो. मुलगी जिंकली की आपण चौकात फटाके लावतो, आणि तिचा खांदा निखळला की दार लावून घेतो. हे तुला पटत होतं का गं?

"पारसभाऊ," मी विचारलं, "दुखापतीचा कागदच नसेल तर?"

चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "भाऊसाहेब, कागद नसला तरी हाड असतं ना! तिकडचे डॉक्टर फोटो काढणार. जुनी दुखापत दिसली आणि फॉर्मवर 'नाही' असेल, तर कंपनी तुम्हाला दारातही उभं करणार नाही. तुमचं भाषणही तिथे चालायचं नाही."

मी पेन मागितलं. पूनम उसळली, "मामा, संघातून काढतील मला! आई असती तर लिहू दिलं असतं का?"

"नसतं दिलं," मी म्हणालो. "आणि मी तिचंच ऐकलं असतं. म्हणून तर भीती वाटते."

ती साड्यांच्या गठ्ठ्याकडे बघत हळूच म्हणाली, "एकदा नाही मामा. आई गेल्यावर अजून दोनदा निखळला. मीच भिंतीला दाबून बसवला."

दोनदा! एका घरात राहतो आम्ही, अक्का! मी हॉलमध्ये स्त्रीशक्तीवर भाषणं पाठ करत होतो, आणि पलीकडच्या खोलीत पोरगी दात आवळून खांदा बसवत होती.

मी "नाही" खोडलं आणि सगळं लिहिलं. आता डॉक्टरचा दाखला लागणार. सोमवारी धुळ्याला जायचंय. डॉक्टर खेळू नको म्हणाले तर? बसमध्ये ती शिरपूरपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. उतरताना एवढंच म्हणाली, "सोमवारी किती वाजता?"

पण मला झोप लागू देत नाही ती त्या फॉर्ममधली शेवटची चौकट. 'संकटात कुणाला कळवावं?' तिथे पूनमने सवयीने तुझं नाव आणि तुझा नंबर लिहिला होता. तुझा फोन माझ्या कपाटात, बंद. परदेशातल्या दवाखान्याने तो फिरवला असता तर?

ते नाव मी खोडलं. पण त्या जागी लिहायला माझ्याकडे दुसरा नंबर होता तो माझाच. आणि माझा फोन कसा, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? "तुना फोन म्हंजे बंद घट्टी," तू म्हणायचीस. बंद पडलेलं जातं! तू चक्कर येऊन पडलीस आणि पुन्हा उठली नाहीस, त्या दुपारी मी मुक्ताईनगरला मंचावर होतो. नेहमीप्रमाणे फोन बंद करून. पूनम तासभर मला फोन लावत होती. मी तासभर टाळ्या घेत होतो.

तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. आज माझा नंबर लिहिल्यावर मात्र तिने फॉर्म माझ्या हातातून घेतला, एकेक आकडा तपासला आणि विचारलं, "मामा, उचलाल ना?"

अक्का, घासाची शपथ मोडली, तिच्या बदल्यात हा शब्द घे. ती मलेशियाला जाओ की शिरपूरच्या मैदानावर राहो, यापुढे माझा फोन चालू असेल. समोर हजार माणसं असोत, वाक्य अर्ध्यावर असो. तो वाजला की मी माईक खाली ठेवीन आणि उचलीन.

तुझा,
उशिरा का होईना, ऐकू येणारा
भाऊ