तांदळात नसलेले खडे

आई, तू गेल्यावर इतक्या वर्षांनी तुला लिहायला बसलेय ते डोळ्यांबद्दल सांगायला.

जोगेश्वरीच्या खोलीत तू ओट्यापाशी खाली बसून तांदूळ निवडते आहेस. चिमटीत काहीतरी धरतेस, बोटं उघडून बघतेस, पुन्हा ताटात हात घालतेस. मी ऑफिसला निघायच्या घाईत डबा भरतेय. "आई, तांदूळ स्वच्छ आहेत गं, काय निवडतेस?" तू म्हणालीस, "काळे खडे दिसतत गो. हात लावूक गेलंय काय पळतत." मी हसले. "मोतीबिंदू असेल. वय झालं तुझं. रविवारी दाखवू." दोन दिवसांनी भर उन्हात तू विचारलंस, "भायर वीज चमाकली काय गो?" तेव्हा मात्र मी चिडले. "ऊन पडलंय, वीज कसली? ऑफिसात माझी वाट लागलीय, त्यात तू आणखी डोकं नको खाऊस." त्यानंतर तू डोळ्यांचं नावच काढलं नाहीस. एक रविवार बारशात गेला, दुसरा मी झोपून काढला. मग एका सकाळी चहाच्या कपाकडे गेलेला तुझा हात कपावर आदळला आणि तू हळूच म्हणालीस, "डाव्या बाजूक पडदो पडल्यासारख्या वाटता." मालाडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, फार उशीर झाला. ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याने तुला पुन्हा दिसलं नाही. घरी येताना रिक्षात मी रडत होते आणि तू माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणालीस, "दुसरो डोळो आसा मां." मला एका शब्दानेही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात मी खिडकीची काच पुसत होते. काळे ठिपके काही केल्या जाईनात. नजर फिरवली तर तेही फिरले. एक-दोन असतात ते मला ठाऊक होतं, वर्षभर दिसतच होते. हे एकदम मूठभर उधळल्यासारखे. त्यात डोळ्याच्या कडेला लख्खकन चमकलं. मी फडकं तिथेच टाकलं आणि लेकीला म्हटलं, "रिक्षा बोलव, आत्ता." डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून बराच वेळ बघितलं. पडद्याला बारीक चीर पडली होती, सुटला नव्हता. त्याच दिवशी लेझर केलं. त्या म्हणाल्या, "वयानुसार ठिपके बऱ्याच जणांना दिसतात, त्याला घाबरायचं नसतं. पण अचानक वाढले, चमकायला लागलं, की थांबायचं नाही. तुम्ही वेळेवर आलात." मला दिसतंय, आई. हे लिहितेय ती ओळ न् ओळ दिसतेय.

हा कागद लेकीला वाचायला देणार होते, पुढेमागे तिच्या कामी येईल म्हणून. पण देणार नाही. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का. मी म्हटलं, आईला. "मग त्यांना लगेच दाखवलं नाही?" लेक शेजारीच बसली होती. मी म्हणाले, "खूप सांगितलं हो, ती डॉक्टरकडे यायला तयारच नसायची." लेकीने मान हलवली. तिला ते खरं वाटलं, आणि मी अजून तिला खरं सांगितलेलं नाही.